‘उप’ म्हणजे खालचा की जवळचा?

वनखात्याच्या कार्यालयाबाहेर ‘उपवनसंरक्षक’ अशी पाटी असते. ती पहिल्यांदा वाचताना बहुतेक जण चुकतात. ‘उपवन’ हा शब्द आधीच ओळखीचा असतो, त्यामुळे डोळे तिथेच शब्द तोडतात आणि आपल्याला वाटते, हा बागबगीचे राखणारा अधिकारी. शब्द तोडायचा आहे तो एक अक्षरगट आधी: उप आणि वनसंरक्षक. वनसंरक्षकाच्या खालचा हा अधिकारी, आणि त्याच्या ताब्यात बाग नसते, अख्खा वनविभाग असतो.

आता दुसरी पाटी घेऊ. ‘उपविभागीय अधिकारी’, ज्यांना गावाकडे ‘प्रांत’ म्हणतात. इथे ‘उप’ अधिकाऱ्याला चिकटलेलाच नाही. तो विभागाला चिकटला आहे. जिल्ह्याचे महसुली भाग पाडले, त्यातल्या एका भागाचा हा पूर्ण अधिकारी. तसेच ‘उपजिल्हा रुग्णालय’ आणि ‘उपजिल्हाधिकारी’. दोन्हीकडे सुरुवातीची अक्षरे अगदी सारखी, पण पहिल्यात उपजिल्ह्याचे रुग्णालय आहे आणि दुसऱ्यात जिल्हाधिकाऱ्याचा उप. उपजिल्हा नावाच्या जागेचा अधिकारी असा त्याचा अर्थ नाही.

दोन अक्षरांचा हा उपसर्ग आपण रोज वाचतो. उपसरपंच, उपमहापौर, उपसभापती, उपमुख्यमंत्री, उपराष्ट्रपती. कुणी विचारले तर आपण म्हणतो, ‘उप म्हणजे दुय्यम, हाताखालचा.’ उत्तर चूक नाही, पण ते या शब्दाच्या प्रवासाचे शेवटचे टोक आहे. सुरुवात फार वेगळ्या ठिकाणी झाली आहे, आणि ती समजली की या पदांकडे बघण्याची आपली नजर थोडी बदलते, असा माझा अनुभव आहे.

संस्कृतात ‘उप’चा मूळ अर्थ आहे जवळ. धातूच्या आधी तो आला की हा अर्थ लख्ख दिसतो. उपनयन म्हणजे मुलाला गुरूजवळ नेणे. उपासना म्हणजे जवळ बसणे. उपस्थित म्हणजे जवळ उभा असलेला. उपनिषद या शब्दातही जवळ बसणेच आहे. उपवास हा तर माझा सर्वांत आवडता शब्द. त्यात न खाण्याचा उल्लेखच नाही. ‘उप’ आणि ‘वस्’, म्हणजे जवळ राहणे. यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमानाने अग्नीजवळ राहायचे आणि त्या काळात आहारावर बंधन पाळायचे. मग बंधन हाच शब्दाचा मुख्य अर्थ होऊन बसला आणि जवळ राहणे विसरले गेले.

‘उपाध्याय’ हा शब्द या रांगेत मुद्दाम घेतो, कारण तो ‘उपाध्यक्ष’सारखा दिसतो आणि तसा मुळीच नाही. उपाध्यक्ष म्हणजे अध्यक्षाचा उप. उपाध्याय म्हणजे मात्र ‘अध्याया’चा उप नव्हे. ज्याच्या जवळ जाऊन शिकायचे, तो उपाध्याय. आपल्याकडची उपाध्ये आणि उत्तरेतली ओझा ही आडनावे याच शब्दातून आली. मनुस्मृतीत मात्र उपाध्यायाला आचार्याच्या खाली बसवले आहे: वेदाचा एखादा भाग उपजीविकेसाठी शिकवणारा तो उपाध्याय, आणि दहा उपाध्यायांच्या बरोबरीचा एक आचार्य. शब्दाच्या पोटात नुसती जवळीक, पण व्यवहारात पायरी खालची. ‘उप’ची सगळी गोष्ट या एका शब्दात सापडते.

मग जवळचे ते खालचे कसे झाले?

याचे एक उत्तर डोंगराच्या पायथ्याशी मिळते. डोंगराच्या पायथ्यालगतच्या जमिनीला संस्कृतात ‘उपत्यका’ म्हणतात आणि माथ्यावरच्या सपाटीला ‘अधित्यका’. पाणिनीने हे दोन शब्द एकाच सूत्रात सिद्ध केले आहेत आणि तिथे ‘उप’चा अर्थ त्याने ‘आसन्न’, म्हणजे लगतचा, असाच दिला आहे. आता पायथ्याशी उभे असल्याची कल्पना करा. तुम्ही डोंगराच्या अगदी जवळ आहात, आणि त्याच्या खालीही आहात. एकाच जागी दोन्ही गोष्टी खऱ्या.

दुसरे उत्तर जास्त साधे आहे. ‘जवळ’ हा शब्द एकटा उभा राहत नाही. कशाच्या जवळ, हे सांगावेच लागते. ज्याच्याजवळ, तो आपोआप मुख्य ठरतो आणि जो जवळ आहे तो गौण. नगर मुख्य, त्यालगतचे ते उपनगर. नदी मुख्य, तिला येऊन मिळणारी उपनदी. ग्रहाभोवती फिरणारा उपग्रह. म्हणून एक ढोबळ नियम लक्षात ठेवता येतो: ‘उप’ क्रियेला लागला की जवळीक सांगतो, नामाला लागला की दुय्यमपणा. सगळीकडे तो चालणार नाही, पण शंभरातल्या बहुतेक शब्दांना लावून पाहावा.

पाणिनीला दुय्यमपणाचा अर्थ माहीत होता. ‘उपोऽधिके च’ असे त्याचे छोटेसे सूत्र आहे. आधीच्या सूत्रातला ‘हीन’ हा अर्थ त्यातल्या ‘च’मुळे इथेही चालत येतो. परंपरेने दिलेले उदाहरण आहे ‘उप शाकटायनं वैयाकरणाः’, म्हणजे बाकीचे व्याकरणकार शाकटायनाच्या खालचे. पण सूत्रात ‘उप’च्या लगेच पुढचा शब्द काय आहे ते पुन्हा पाहा: ‘अधिके’. म्हणजे जास्तीचा, वरचा! त्याचे उदाहरण ‘उप खार्यां द्रोणः’. खारी हे धान्याचे मोठे माप, द्रोण लहान. खारीभर धान्य आणि त्यावर आणखी एक द्रोण. एकच ‘उप’ खालचाही आणि वरचाही, आणि दोन्ही अर्थ एकाच सूत्रात.

या दुहेरीपणाचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे ‘उपेंद्र’ हे नाव. आजच्या सवयीने वाचले तर उपेंद्र म्हणजे इंद्राच्या हाताखालचा. पण हे नाव आहे विष्णूचे. अमरकोशात उपेंद्राच्या लगेच पुढे ‘इंद्रावरज’, म्हणजे इंद्राचा धाकटा भाऊ, हे नाव येते, कारण वामनावतारात विष्णू अदितीच्या पोटी इंद्रानंतर जन्मला. विष्णुसहस्रनामावरच्या शांकरभाष्यात हा अर्थ दिला आहेच, पण सोबत दुसराही दिला आहे: इंद्राच्याही वरचा तो उपेंद्र. त्यासाठी हरिवंशातला श्लोक आधाराला घेतला आहे. त्यात इंद्र स्वतः कृष्णाला म्हणतो की गायींनी तुला माझ्यावरचा इंद्र म्हणून स्थापले, म्हणून देव तुला उपेंद्र म्हणून गातील. धाकटा भाऊ म्हणा किंवा वरचा म्हणा, शब्द दोन्ही पेलतो.

हा उपसर्ग भारतापुरता नाही. संस्कृतचे ‘उप’, ग्रीकचे ‘हायपो’ आणि लॅटिनचे ‘सब’ ही एकाच घरातली भावंडे आहेत. कातडीखाली दिले जाणारे हायपोडर्मिक इंजेक्शन, थायरॉइड कमी पडला की होणारा हायपोथायरॉइडिझम, यातला ‘हायपो’ म्हणजे आपला ‘उप’च. आणि हायपरटेन्शनमधला ‘हायपर’ म्हणजे आपला ‘उपरि’, ज्याचा झिजून मराठीत ‘वर’ झाला. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘अप’, म्हणजे वर, हाही याच कुळातला. मुळात या धातूत खालून वर, लगत येण्याची कल्पना असावी असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीक आणि लॅटिनने त्यातले ‘खाली’ उचलले, इंग्रजीने ‘वर’ आणि आपण ‘जवळ’.

म्हणून सब-इन्स्पेक्टरला ‘उपनिरीक्षक’ म्हटले तेव्हा भाषांतर करणाऱ्याने, कळत असो वा नकळत, शब्दाला त्याच्या सख्ख्या भावाशीच नेऊन जोडले. हे भाषांतर नखशिखांत बरोबर आहे.

‘व्हाइस’च्या बाबतीत मात्र तसे झाले नाही.

व्हाइस प्रेसिडेंट, व्हाइस चेअरमन, व्हाइस अ‍ॅडमिरल यांतला ‘व्हाइस’ लॅटिनमधून आला. तिथे ‘विकिस’ म्हणजे पाळी, बदल, आळीपाळी. त्याचे ‘विके’ हे रूप ‘च्या जागी’, ‘च्या बदल्यात’ अशा अर्थाने वापरले जाई. ‘व्हाइस व्हर्सा’ हा वाक्प्रयोग आपण मराठीतही सर्रास वापरतो, त्याचा अर्थ जागा उलटवून. वाईट सवय या अर्थाचा ‘व्हाइस’ वेगळा, तो लॅटिनमधल्या दोष या अर्थाच्या शब्दातून आला. आणि वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा व्हाइस तिसराच, त्याचे मूळ द्राक्षवेलीच्या नावात आहे, कारण त्याच्या स्क्रूचे आटे वेलीसारखे गोल वळत जातात. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. व्हाइस प्रेसिडेंटवर या शब्दाची कोटी वाचली की ही गोष्ट आठवावी.

तर पदनामातला ‘व्हाइस’ म्हणजे बदली. बदली ड्रायव्हर किंवा बदली शिक्षक म्हणताना आपल्या मनात जे असते, तेच. तो खाली आहे की वर, जवळ आहे की दूर, हे ‘व्हाइस’ सांगत नाही. तो सांगतो की मूळ माणूस नसेल तेव्हा त्याच्या जागी हा. त्यामुळे व्हाइसरॉय हजारो मैल दूर असू शकतो. नव्हे, दूर असावाच लागतो. राजा जिथे पोचू शकत नाही तिथे त्याच्या जागी बसणारा तो व्हाइसरॉय.

हा शब्द मराठी मुलखात इंग्रजांच्या आधी येऊन गेला आहे. पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाला भारतातला पहिला व्हाइसरॉय म्हणून धाडले, आणि गोव्याच्या त्या अधिकाऱ्याला मराठीत ‘विजरई’ म्हणत. पोर्तुगीज शब्दाचे हे अस्सल मराठी वळण. इंग्रजी व्हाइसरॉय आला तो १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात, लॉर्ड कॅनिंगच्या नावापुढे. कायद्याच्या कलमांत मात्र पद गव्हर्नर-जनरल हेच राहिले. व्हाइसरॉय हा मानाचा शब्द होता, राणीच्या जागी उभा असलेला माणूस एवढे सांगणारा.

व्हाइसरॉयला मराठीत ‘उपराजा’ म्हटले नाही, ‘राजप्रतिनिधी’ म्हटले, आणि ते मला फार नेमके वाटते. ‘च्या जागी’ हा अर्थ संस्कृतात ‘उप’ने दाखवत नाहीत, ‘प्रति’ने दाखवतात. त्यालाही पाणिनीचे सूत्र आहे, ‘प्रतिः प्रतिनिधिप्रतिदानयोः’: एकाच्या जागी दुसरा ठेवणे आणि एकाच्या बदल्यात दुसरे देणे, या दोन अर्थी ‘प्रति’. लॅटिनमधला ‘विके’ नेमके हेच करतो.

मराठ्यांच्या राज्यात तर हे पदच होते. छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला गेले, आणि तिथे त्यांनी प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण केले. अष्टप्रधान होतेच, त्यांच्याहून हा मान वेगळा आणि वरचा, कारण तो साक्षात छत्रपतींच्या जागी होता. पुढे हे पद परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात गेले आणि औंधचे पंतप्रतिनिधी म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. आज ‘प्रतिनिधी’ शब्दाचा वापर इतका पातळ झाला आहे की वार्ताहरापासून विमा विकणाऱ्यापर्यंत कुणालाही तो लागतो. नाहीतर व्हाइस प्रेसिडेंटला ‘प्रतिराष्ट्रपती’ म्हणणे अर्थाने जास्त जवळचे झाले असते. अर्थात ‘प्रति’चा विरोधाचा अर्थही मराठीत जोरात आहे. प्रतिसरकार म्हटले की समोर ठाकलेले सरकार. तेव्हा प्रतिराष्ट्रपती म्हणजे बंडखोर वाटला असता, हेही खरे.

आपल्याकडे तिसरा एक शब्द आहे, आणि तो अजून सरकारी कागदावर जिवंत आहे: नायब. नायब तहसीलदार, लष्करातला नायब सुभेदार. हा अरबी शब्द. त्याचे मूळ तीन व्यंजनांचे, न-व-ब, आणि त्याचा अर्थ पाळी येणे, एकाच्या जागी दुसऱ्याने येणे. म्हणजे लॅटिनने जी कल्पना घेतली तीच अरबीने, एकमेकांना न विचारता घेतली: आज याची पाळी, उद्या त्याची. ‘नौबत’ याच मुळातला. पहाऱ्याची पाळी बदलायची वेळ, ठरावीक वेळी वाजणारा नगारा, आणि मग मराठीत ‘कर्ज काढायची नौबत आली’ म्हणताना येते ती वाईट पाळी. आणि ‘नवाब’ हे नायब शब्दाचेच अनेकवचन, मानार्थी वापरलेले. बंगालचा नवाब, अवधचा नवाब म्हणजे मूळचे बादशहाचे नायब, त्याच्या वतीने सुभा सांभाळणारे. बादशाही दुबळी झाली आणि नवाब म्हणजेच ऐश्वर्य असा अर्थ रूढ झाला. नायब तहसीलदार आणि नवाब एकाच शब्दाची लेकरे आहेत, हे तहसील कचेरीत रांगेत उभे असताना कुणाच्या मनात येणार?

आता जवळचा, खालचा, बदलीचा आणि पाळीचा, असे सगळे अर्थ आजच्या मराठीत एकट्या ‘उप’वर लादले आहेत. व्हाइसलाही उप, डेप्युटीलाही उप, सबलाही उप. त्यामुळे नुसत्या पदनामावरून अधिकार कळत नाही. दोन पदे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते.

उपराष्ट्रपती हे खऱ्या अर्थाने ‘व्हाइस’ पद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ६३ ने ते निर्माण केले आणि अनुच्छेद ६५ ने सांगितले की राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर नवा राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती त्या जागी काम करतील. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले तेव्हा व्ही. व्ही. गिरी असे जागेवर आले. त्यांना पुढची निवडणूक लढवायची होती म्हणून जुलैत त्यांनी राजीनामा दिला. मग राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही. तेव्हा पाळी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्यावर आली आणि त्यांनी महिनाभर राष्ट्रपतिपद सांभाळले. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर बी. डी. जत्ती फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत त्या जागी होते. पण आपल्याकडे ही बदली तात्पुरती असते, सहा महिन्यांत नवी निवडणूक घ्यावीच लागते. अमेरिकेत उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण अध्यक्ष होतो. १८४१ मध्ये हॅरिसन पदावर असताना वारले तेव्हा जॉन टायलर यांनी ‘मी जागेवर बसलेला नाही, मीच अध्यक्ष आहे’ अशी भूमिका घेतली आणि ती रूढ झाली. घटनेत ती स्पष्ट शब्दांत लिहिली गेली १९६७ मध्ये, पंचविसाव्या दुरुस्तीने.

एरवी उपराष्ट्रपतींचे रोजचे काम काय? ते राज्यसभेचे सभापती असतात. म्हणजे एका घरात ‘उप’ आणि दुसऱ्या घरात प्रमुख, आणि त्या घरात त्यांचा स्वतःचा उपसभापती. ते राष्ट्रपतींच्या जागी गेले की सभागृह उपसभापती चालवतात. पाळी एकेक पायरी खाली सरकते. आणखी एक तरतूद मला मोलाची वाटते: राष्ट्रपती आपला राजीनामा उपराष्ट्रपतींकडे देतात आणि उपराष्ट्रपती राष्ट्रपतींकडे. लोकसभेचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांचेही तसेच. हाताखालच्या माणसाकडे कुणी राजीनामा देत नाही. घटनेने इथे ‘उप’ला शेजारी मानले आहे, मूळ अर्थाला धरून.

उपमुख्यमंत्री पदाचे तसे नाही. घटनेत हा शब्दच नाही. महाराष्ट्रात १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले. तेव्हापासून हे पद राजकीय गरजेप्रमाणे येते-जाते. मुख्यमंत्रिपद रिकामे झाले तर उपमुख्यमंत्री आपोआप तिथे बसत नाहीत. उपपंतप्रधानांबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना ‘मंत्री’ऐवजी ‘उपपंतप्रधान’ असा उच्चार केला, त्या शपथेला आव्हान दिले गेले आणि १९९० मध्ये न्यायालयाने सांगितले की तो शब्द केवळ वर्णनाचा आहे, घटनेच्या दृष्टीने ते मंत्रीच आहेत. शब्द तोच ‘उप’, पण त्यात बदली नाही. मान आहे, आणि सत्तेच्या केंद्राशी जवळीक आहे.

मंत्रालयातली उतरंड थोडक्यात सांगतो, कारण तिथे लोक हटकून गोंधळतात. सचिवाखाली सहसचिव, मग उपसचिव, मग अवर सचिव. ‘सह’ म्हणजे सोबत, म्हणून तो ‘उप’च्या वर. ‘अवर’ म्हणजे सरळच खालचा. आणि ‘अपर जिल्हाधिकारी’मधला ‘अपर’ म्हणजे आणखी एक, दुसरा. लोक त्याला ‘अप्पर’ लिहितात आणि इंग्रजी अप्पर समजून वरचा मानतात, पण तो जिल्हाधिकाऱ्याच्या वर नसतो.

एका जागी मात्र मराठीने ‘उप’ लावायला नकार दिला, आणि तो निर्णय मला सर्वांत शहाणा वाटतो. विद्यापीठाचे चान्सलर बहुधा राज्यपाल असतात. त्यांचे काम देखरेखीचे. विद्यापीठ प्रत्यक्ष चालवतात ते व्हाइस चान्सलर. ते कुणाची बदली करत नाहीत, कुणाच्या गैरहजेरीची वाट पाहत नाहीत. मराठीने चान्सलरला कुलपती म्हटले आणि व्हाइस चान्सलरला ‘उपकुलपती’ न म्हणता कुलगुरू म्हटले. त्यांच्या मदतीला प्र-कुलगुरू, आणि हा ‘प्र’ लॅटिनच्या ‘प्रो’चा सख्खा भाऊ. हिंदीत पूर्वापार व्हाइस चान्सलरला ‘कुलपति’ आणि चान्सलरला ‘कुलाधिपति’ म्हणत आले आहेत. त्यामुळे उत्तरेतल्या विद्यापीठाच्या ‘कुलपतीं’नी राजीनामा दिल्याची हिंदी बातमी मराठीत आणताना तिथे राज्यपालांचे नाव घालू नये, राजीनामा कुलगुरूंचा असतो. २०२४ मध्ये मध्य प्रदेशाने आपल्या विद्यापीठांसाठी ‘कुलपति’ बदलून ‘कुलगुरु’ हाच शब्द घेतला.